साडेचार मीटर

मोटारीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, टायरच्या मापाच्या आसपास, बारीक टायपात एक आकडा दडलेला असतो. ऑल्टो के-टेनच्या बाबतीत तो आहे 4.5 मीटर. त्याचं नाव टर्निंग रेडियस. आधीच्या पानांवर समुद्रकिनारा असतो, रिकामा घाट असतो, गाडीला टेकून विनाकारण हसणारं चौकोनी कुटुंब असतं. ते सगळं बघून होईपर्यंत घरातल्या कुणालाच शेवटच्या पानाचा उत्साह उरत नाही. माझं मत असं की, शहरात चालवायची लहान गाडी ज्याला घ्यायची आहे त्याने पत्रक मागून वाचायला घ्यावं.

साडेचार मीटर ही त्रिज्या. म्हणजे पुरतं वळायला नऊ मीटर, जवळजवळ तीस फूट. एवढी मोकळी जागा मिळाली की ऑल्टो एका दमात उलटी फिरते. आता पुण्यातला एखादा तीस फुटी रस्ता घ्या. तो महापालिकेच्या नकाशात तीस फुटी असतो. प्रत्यक्षात एका कडेला दुचाकींची तिरकी रांग, दुसऱ्या कडेला इस्त्रीवाल्याची टपरी, तिला खेटून शहाळ्यांचा ढीग, आणि मधोमध केबलसाठी खणलेला व नंतर बुजवलेला, पण मनापासून न बुजवलेला चर. उरलेल्या पंधरा-सोळा फुटांत गाडी फिरवायची. मग पुढे, मागे, पुन्हा पुढे. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंना स्कूटरवाले थांबतात. थांबतात म्हणजे हॉर्न वाजवतात. एखाद्या गाडीला हे काम तीन खेपांत जमतं, एखादीला पाच लागतात. इंजिनावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या मोटारपंडितांनी या दोन खेपांवर एखादा परिच्छेद खर्च करायला हरकत नव्हती.

रुंदीचंही तसंच. 1490 मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांना सव्वा-दीड इंच कमी. रिक्षापेक्षा जेमतेम वीतभर जास्त. त्यामुळे जिथे रिक्षा शिरते तिथे ऑल्टो शिरते असा पेठांमधल्या बोळांत एक समज आहे. तो खरा आहे, पण आरसे मिटल्यावर. पत्रकातल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात. बोळातल्या ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांना हे पक्कं ठाऊक असतं. ते पेपर न हलवता नुसतं 'आरसा!' म्हणतात आणि पान उलटतात.

गाडी बोळातून बाहेर आणली की ती लावायची कुठे हा पुढचा प्रश्न. बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम तारखांचे फलक आहेत. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एकही विषम, त्यामुळे एकतीस दिवसांच्या महिन्याअखेरीस गाडीला एका जागी सलग दोन दिवस विश्रांती मिळते. माझ्या माहितीत असे लोक आहेत ज्यांना सण लक्षात राहत नाहीत, पण कुठल्या महिन्याला एकतीस दिवस आहेत ते मुठी न मोजता सांगता येतं.

इंजिनाच्या ताकदीबद्दल मी फार बोलणार नाही. 998 सीसी, तीन सिलिंडर, 49 किलोवॉट. ही सगळी ताकद हाती लागते ती मिनिटाला 5500 फेऱ्यांना. कर्वे रस्त्यावर इंजिनाला तिथवर नेण्याचा योग पहाटे साडेचारला येतो. त्या वेळी गाडी चालवणारा एकतर विमानतळावर निघालेला असतो किंवा घरी यायला त्याला फार उशीर झालेला असतो. दोघांनाही ताकदीचं कौतुक करायची मनःस्थिती नसते.

मायलेजबद्दल मात्र बोलावंच लागेल. लहान गाडीवाल्याला लिफ्टमध्ये, लग्नात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. 'किती देते?' पत्रक म्हणतं, लिटरला 24.39 किलोमीटर. ऑटोमॅटिक घेतली तर 24.90. नुसतं 'चोवीस' म्हटलं असतं तर कुणी हुज्जत घातली असती. दशांशचिन्हापुढची दोन घरं बघितली की माणूस गप्प होतो.

हे आकडे कसे निघतात ते समजून घ्यायला पुणेकराला फार लांब जायला नको. वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, 1966 ची. निम्मं कोथरूड या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतं, आणि देशभरातले गाडीवाले पत्रकातल्या मायलेजला 'एआरएआयचं मायलेज' म्हणतात, मग चाचणी कुठल्याही अधिकृत संस्थेत झालेली असो. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात, तोंडासमोर मोठा पंखा लावतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे तिला जागच्या जागी पळवतात. इतके सेकंद उभी राहा, इतके सेकंद वेग वाढव, आता तो धरून ठेव, आता कमी कर. सगळा कार्यक्रम 1180 सेकंदांचा, वीस मिनिटांच्या आत आटोपणारा. शेवटच्या टप्प्यात वेग ताशी 90 पर्यंत जातो. एसी बंद. रोलरला खड्डे नसतात, उलट्या दिशेने येणारा दूधवाला नसतो, आणि सिग्नलला पुढच्या टेम्पोचा ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला नसतो. त्या परिस्थितीत गाडी खरोखरच तेवढं देते. लबाडी कुणीच करत नाही. टेकडी उतरून पौड फाट्याला पोचेपर्यंत त्यातले सात-आठ किलोमीटर कुठेतरी गळतात, एवढंच.

सकाळी त्याच टेकडीवर फिरायला येणाऱ्यांमध्ये मायलेजची चर्चा नेहमी रंगते. एक जण म्हणतो बावीस. दुसरा म्हणतो, शक्यच नाही, माझी सोळाच्या वर जात नाही. मग पहिला हळूच पुस्ती जोडतो, 'हायवेला हो.' माणूस मायलेज सांगताना हायवेचं सांगतो आणि पेट्रोलचा खर्च सांगताना शहरातला. त्यामुळे त्याची गाडी उत्तम असते आणि महागाई असह्य असते, आणि दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी मनापासून मानत असतो.

वर ऑटोमॅटिकचा उल्लेख आला. या किमतीतल्या गाडीतलं ऑटोमॅटिक म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर बसवलेलं एक यंत्र. आपल्याऐवजी ते क्लच दाबतं आणि गिअर बदलतं. भारतात हा प्रकार 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला. शौकिनांनी त्याला भरपूर नावं ठेवली. गिअर बदलताना गाडी क्षणभर विचारात पडते आणि आतल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे डोलतात, असा आक्षेप. तो खरा आहे. भजनाला बसल्यासारखं वाटतं. पण ज्याने संध्याकाळी सात वाजता नळ स्टॉपपासून डेक्कनपर्यंत डाव्या पायाने क्लच दाबत गाडी आणली आहे, तो या डोलण्याला नावं ठेवत नाही. पुण्यात पन्नाशीच्या पुढच्या माणसाने डावा गुडघा धरला की मी आधी विचारतो, गाडी मॅन्युअल आहे का?

गुडघ्यांवरून आमची मावशी आठवली. मावसभाऊ गाडी बघायला निघाला तेव्हा त्याने आईलाही बरोबर घेतलं. 'तू काही करू नकोस, नुसती बस,' असं तिला सांगून ठेवलं होतं. तिने शब्दशः तेवढंच केलं. शोरूममधला मुलगा टचस्क्रीनला फोन जोडून दाखवत होता, गाणी लावत होता, ती बदलत होता. मावशीने मागचं दार उघडलं आणि आत बसली. उतरली. पुन्हा बसली. मग दुसऱ्या बाजूच्या दाराने. मग शेजारी उभ्या असलेल्या वॅगन-आरमध्ये तसंच. एका हाताने साडी सावरलेली, दुसरा छताच्या कडेला. मी लक्ष देऊन पाहिलं. ऑल्टोत शिरताना ती आधी मान वाकवून आत घालत होती, मग एक पाय, मग बाकीची मावशी. वॅगन-आरमध्ये ती आधी सरळ टेकत होती आणि नंतर दोन्ही पाय आत घेत होती.

'आजी, काही हवंय का?' त्या मुलाने अदबीने विचारलं.

'काही नको रे बाळा. तो पाट आहे, ही खुर्ची आहे,' मावशीने निकाल दिला. 'पाटावरून आता मला उठवत नाही.'

पत्रकात हे असं लिहिलेलं नसतं. तिथे फक्त उंची दिलेली असते, ऑल्टोची 1520 मिलिमीटर आणि वॅगन-आरची 1675. या साडेपंधरा सेंटिमीटरांत काय काय येतं ते कळायला पत्रकाच्या लेखकाला सत्तर वर्षांचे गुडघे हवेत.

तरीही घरी आली ती ऑल्टोच. कारण सोसायटीतल्या दोन खांबांनाही या निवडीत मत होतं. मावसभावाची पार्किंगची जागा त्या खांबांच्या मधली. वॅगन-आर रुंदीला 1620 मिलिमीटर, म्हणजे तेरा सेंटिमीटर जास्त. तिथे गाडी मावली असती, पण गाडीतून माणूस निघाला नसता. मावशीसाठी तोड निघाली: ती पुढे बसते, सीट पार मागे सरकवलेली असते, आणि गाडी खांबांत शिरण्याआधीच तिला गेटपाशी उतरवतात. मागची सीट नातवाची. मागच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत. शोरूममध्ये हे सांगताना त्या मुलाचा आवाज जरा पडला होता. नातवाने मात्र असं हॅण्डल जन्मात पाहिलेलं नव्हतं. सगळ्या गाडीत त्याला तेच आवडलं. काच खाली, काच वर, पुन्हा खाली. टचस्क्रीन तर काय, घरी प्रत्येकाकडे आहे.

मावशी बरोबर नसते तेव्हा पुढच्या सीटवर दळणाचा डबा असतो. गिरणीत त्या गाडीची खरी गंमत पाहायला मिळते. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी सीटबेल्टची आठवण देणारी घंटा, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटवर वजन पडलं की गाडी समजते, माणूस बसला. दहा किलो गहू ठेवले तरी तिची तीच समजूत. गिरणीपासून पहिल्या सिग्नलपर्यंत ती सौम्यपणे आठवण करून देते, दुसऱ्या सिग्नलला तिचा आवाज चढतो. एकदा मावसभावाने डबा उचलून मागे ठेवला, तर पहिल्याच गतिरोधकाला झाकण उडालं आणि मागच्या सीटवर पीठच पीठ झालं. तेव्हापासून दळणाला रीतसर बेल्ट लावतात. घंटा थांबते, डबा हलत नाही. 2025 पासून ऑल्टोच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आल्या आहेत, म्हणजे गव्हाच्या सुरक्षेत आता काही कमी राहिलेली नाही.

वेगाची सूचना ताशी 80 ला वाजते. शहरात ती कधीच ऐकू येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा द्रुतगती मार्गावर वाजते तेव्हा गाडीत सगळे एकमेकांचे फोन तपासतात. पार्किंग सेन्सरचं उलट आहे. शहरात तो गप्पच बसत नाही. गाडी मागे घ्यायला लागलं की स्कूटर, मांजर, कुंडी, पिशवी घेतलेल्या काकू, सगळ्यांसाठी त्याचा सूर सारखाच. शिवाय आपल्याकडे प्रत्येक इमारतीला मूळचा एक सेन्सर असतोच. तो वॉचमनच्या गणवेशात मागे उभा राहून हाताने बोलावत असतो. 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!' या 'बास'ची वेळ फार नेमकी असते. बंपर टेकण्याचा आवाज आणि तो शब्द एकदमच येतात.

डिकी 214 लिटरची आहे. लिटर हे माप डिकीसाठी कुणी शोधून काढलं कोण जाणे. डिकीत आपण पाणी भरत नाही. आपण भरतो दोन बॅगा, एक फुगलेली पिशवी, 'वेळेला असू दे' म्हणून घेतलेली सतरंजी आणि परत येताना आंब्याची पेटी. पेटीला कोपरे असतात, लिटरला नसतात. सीएनजीची गाडी घेतली तर किलोला 33.85 किलोमीटर असा भरघोस आकडा पत्रकात मिळतो, आणि डिकीत सिलिंडर मिळतो. मग सतरंजी मांडीवर, पेटी पायाशी, आणि घरातला जो सगळ्यात सडपातळ असेल त्याच्या वाट्याला सिलिंडरच्या वरची, बॅगा धरून ठेवण्याची जबाबदारी. पंपावरच्या रांगेत मात्र सगळ्यांना पाय मोकळे करायला भरपूर वेळ मिळतो. पैसे वाचतात, यात वाद नाही.

पैशांचंच बोलायचं तर लहान गाडीची लांबी आपल्या देशात अभियंत्यांपेक्षा अर्थमंत्र्यांनी जास्त ठरवलेली आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीच्या आतल्या पेट्रोल मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. त्या दिवसापासून चार मीटर ही लक्ष्मणरेषा झाली. त्यानंतर एरवी ऐसपैस डिकीच्या गाड्यासुद्धा मागून कापून 3995 मिलिमीटरवर आणल्या गेल्या. त्या मागून बघितल्या की शिंप्याकडे कापड कमी पडल्याची शंका येते. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. ऑल्टोला यात काही कापून घ्यावं लागलं नाही. ती 3530 मिलिमीटरची, रेषेच्या अर्धा मीटर आत, जन्मतःच पात्र. महाराष्ट्रात तिच्यावर एकरकमी रस्ता कर मात्र भरावा लागतो, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के. रस्त्याची अवस्था बघता ही रक्कम कोणत्या रस्त्यासाठी, असं विचारायचा मोह होतो. पण खिडकीपलीकडच्या साहेबांना विचारून काय उपयोग, ते स्वतः स्कूटरवर येतात.

खरं तर शहराच्या मापाची गाडी पुण्यातच आखली गेली होती. टाटांच्या पिंपरीच्या संशोधन केंद्रात घडलेली नॅनो 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात लोकांसमोर आली. लांबी 3.1 मीटर, वळायची त्रिज्या चार मीटर, 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन चक्क मागे. काटकसर अशी, की वायपर एकच आणि चाकाला नट तीन. पेट्रोलचं तोंड पुढच्या बॉनेटखाली, त्यामुळे पंपावरचा नवखा पोरगा नळी घेऊन आधी गाडीला एक प्रदक्षिणा घालायचा. आत बसलं तर सहा फुटी माणसाचंही डोकं छताला लागत नसे. तिचं माप चुकलं नव्हतं, जाहिरात चुकली. 'सगळ्यात स्वस्त' म्हणून ती विकली गेली, आणि आपल्याकडे स्वस्त भाजी लोक अभिमानाने सांगतात, स्वस्त गाडी नाही. मंगल कार्यालयाच्या दारात तिच्यातून उतरायला माणसं संकोचली. स्वस्त म्हणून विकण्यात चूक झाली, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. 2018 साली तिचं उत्पादन थांबलं. आज सदाशिव पेठेतल्या बोळांत एखादी पिवळी नॅनो दिसते तेव्हा ती अशा जागी सुखाने उभी असते जिथे दुसरी कुठलीच मोटार उभी राहू शकली नसती. शेजारच्या इमारतीत एखादी दांडगी एसयूव्ही असते. तिला तिच्या मालकाने लांब मैदानाजवळ भाड्याच्या जागेत ठेवलेलं असतं आणि तिच्यापर्यंत तो रिक्षाने जातो.

तेव्हा तुम्ही लहान गाडी घ्यायला निघालाच असाल तर एक करा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमजवळच्या रुंद रस्त्यावर घेऊ नका. तिथे कुठलीही गाडी चांगलीच चालते. गाडी आपल्या घरी आणायला सांगा. संध्याकाळी साडेसहाला आपल्या गल्लीत ती एकदा उलटी फिरवून बघा. आपल्या दोन खांबांच्या मधे लावा आणि दार उघडून पोट न आवळता बाहेर पडता येतं का ते पाहा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दोनदा बसवा, दोनदा उतरवा, आणि ते काय म्हणतात ते मधे न बोलता ऐका. बहुतेक शोरूमवाले घरी गाडी आणायला नाही म्हणत नाहीत, आणि त्याचे पैसेही घेत नाहीत.